इंग्रजी बोलण्यांतील खरें-खोटें

शाळेंतून आलेला मुलगा दिवसभरांतली एखादी हकीकत रंगवून सांगूं लागला, म्हणजे त्याची धाकटी बहीण मध्येंच म्हणते, "चल, खोटं बोलतोस!" भाऊ रागावत नाहीं. उलट "शपथ, खरं!" म्हणून तो हकीकतीला आणखी थोडें तिखटमीठ लावतो आणि गोष्ट पुढें चालू होते. या "खोटं बोलतोस" मध्यें आरोप नसतो. नवल असतें, कौतुक असतें, फार तर थोडी शंका असते. हेंच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजींत नेलें, तर तें "यू आर लाइंग" असें होतें. लंडनमधील एखाद्या कचेरींत शेजारीं बसणाऱ्या गृहस्थाला कोणी मराठी माणूस हें वाक्य सहज बोलून गेला, तर त्या गृहस्थाचा चेहरा उतरेल आणि बोलणें तेथेंच थांबेल. व्याकरण अचूक, उच्चारहि अचूक. तरी बोलणाऱ्याच्या हातून नकळत दुसऱ्याचा अपमान घडलेला असतो.

हें असें कां व्हावें? मराठींतील "खोटें" हा शब्द मोठा विस्तृत आहे. नाणें खोटें असतें, दागिना खोटा असतो, सही खोटी असते, बातमी खोटी असते आणि माणूसहि खोटा असतो. इंग्रजींत एवढी सारी कामगिरी एकाच शब्दाकडे सोंपविलेली नाहीं. तेथें खोटें नाणें "काउंटरफीट", खोटी सही "फोर्ज्ड", खोटा दागिना "इमिटेशन", खोटी बातमी "फॉल्स" अथवा "अनट्रू", आणि चुकलेलें उत्तर "राँग". या सर्वांहून निराळा शब्द "लाय" हा होय. आपण सांगतों तें खरें नाहीं हें ज्याला ठाऊक आहे, आणि तरीहि ऐकणाऱ्यानें तें खरें मानावें अशी ज्याची इच्छा आहे, त्याच्याच बोलण्याला "लाय" म्हणतात. म्हणजे "फॉल्स" हा शब्द विधानाविषयीं निकाल देतो, तर "लाय" हा शब्द माणसाविषयीं. सांगितलेली गोष्ट बरोबर आहे काय, हा एक प्रश्न. सांगणारा प्रामाणिक आहे काय, हा दुसरा. मराठींत हे दोन्ही प्रश्न "खोटें" या एका शब्दांत सुखानें नांदतात, आणि त्यांतला कोणता विचारला जात आहे हें आवाजाच्या चढउतारावरून व परस्परांच्या नात्यावरून ओळखावें लागतें. इंग्रजींत ते आधींच निरनिराळे केलेले असतात. खरें-खोटें यांविषयींच्या रोजच्या इंग्रजी बोलण्याचें मर्म या एका भेदांत आहे.

"लाय" या शब्दाला एवढें वजन कां आलें, याला थोडा इतिहासहि आहे. युरोपांतील मानी लोकांत एके काळीं दुसऱ्याला उघडपणें खोटारडा म्हणणें म्हणजे त्याला द्वंद्वयुद्धाचें आमंत्रण देणें असे. या कृतीला इंग्रजींत "गिव्ह द लाय" असा स्वतंत्र वाक्प्रचारच होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांतून द्वंद्वाची चाल गेली. परंतु शब्दाची धार मात्र पुरती बोथटली नाहीं.

शब्दांच्या मुळाकडे पाहिलें तर आणखी एक गोष्ट दिसते. "ट्रू" या शब्दाचा जुना अर्थ "एकनिष्ठ, भरंवशाचा" असा आहे. "ट्रू फ्रेंड" म्हणजे जिवाला जीव देणारा मित्र, आणि "ट्रू टु हिज वर्ड" म्हणजे दिलेल्या शब्दाला जागणारा. विश्वास या अर्थाचा "ट्रस्ट", युद्ध थांबविण्याच्या कराराचें नांव "ट्रूस" आणि वाङ्निश्चय या अर्थाचा "बिट्रोथल" हे सर्व याच कुळांतले शब्द. संस्कृतांतील "सत्य" हें "सत्" पासून, म्हणजे "जें आहे" त्यापासून, निघालें आहे. एका भाषेनें खरेपणाचें नातें अस्तित्वाशीं जोडलें, तर दुसरीनें विश्वासाशीं. मात्र इंग्रजींतहि "सत्" चा एक दूरचा भाऊबंद होता, तो "सूथ". जुन्या इंग्रजींत "सूथ" म्हणजे सत्य. आज तो "सूथसेअर", म्हणजे भविष्य सांगणारा, अशा एखाद्या शब्दांत उरला आहे. त्यापासून निघालेल्या "सूद" या क्रियापदाचा प्रवास तर मोठा मनोरंजक आहे. आरंभीं त्याचा अर्थ "खरें म्हणून दाखविणें" असा होता. पुढें "दुसऱ्याच्या म्हणण्याला होकार देणें", मग "हांजी हांजी करणें" आणि शेवटीं "मन शांत करणें, वेदना कमी करणें" असा झाला. सत्यापासून निघालेला शब्द अशा रीतीनें गोड बोलून समजूत घालण्याच्या कामीं लागला. सत्य आणि शिष्टाचार यांची ही ओढाताण इंग्रजी बोलण्यांत पदोपदीं आढळते.

समोरच्याचें म्हणणें चुकलें आहे, परंतु त्याच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवावयाचें नाहीं, अशा वेळीं इंग्रज मनुष्य पुष्कळ आडवळणें घेतो. "दॅट्स नॉट क्वाइट राइट" म्हणजे शब्दशः "तें अगदींच बरोबर नाहीं". परंतु पुष्कळदां त्याचा भावार्थ "तें साफ चूक आहे" असा असतो. "आय ॲम अफ्रेड दॅट्स नॉट ट्रू" या वाक्यांतील "अफ्रेड" चा भीतीशीं कांहीं संबंध नाहीं. "सांगतांना वाईट वाटतें, पण" एवढेंच त्यांतून सुचवावयाचें असतें. "यू आर मिस्टेकन" यांत चूक दाखविली जाते, परंतु हेतूबद्दल शंका घेतली जात नाहीं. "ॲक्च्युअली" या शब्दानें वाक्य सुरू झालें, म्हणजे आतां आधींच्या बोलण्याची दुरुस्ती येणार, हें ऐकणाऱ्यानें ओळखावें. आणि शाळकरी भावाला बहिणीनें जें म्हटलें, त्याचें खरें इंग्रजी रूप "यू आर किडिंग!" किंवा "यू आर पुलिंग माय लेग!" असें होईल. येथेंहि शब्दशः भाषांतर फसवितें. मराठींत "पाय ओढणें" म्हणजे वर चढणाऱ्याला मत्सरानें खालीं खेंचणें; इंग्रजींत तें थट्टेनें एखाद्याला बनविणें होय.

याच्या उलट बाजूस आपल्या स्वतःच्या खरेपणाची ग्वाही देणारे वाक्प्रचार आहेत. "टु टेल यू द ट्रुथ", "फ्रँकली", "टु बी ऑनेस्ट" हे शब्द ऐकून नवख्याला वाटतें कीं, हा मनुष्य आतांपर्यंत खरें बोलत नव्हता कीं काय! तसें नसतें. पुढें येणारें मत थोडें कडू आहे किंवा बोलणाऱ्याला सांगण्यास संकोच वाटतो आहे, एवढीच ती सूचना असते. मराठींतील "खरं सांगायचं तर" याचाहि उपयोग असाच होतो. मात्र दर चार वाक्यांमागें त्याची पुनरुक्ति झाली, तर कोणत्याहि भाषेंत ऐकणाऱ्याचा विश्वास वाढण्याऐवजीं कमीच होतो.

प्रत्यक्ष असत्याच्याहि इंग्रजींत पायऱ्या आहेत. सर्वांत खालीं "फिब". मुलें करतात ती किरकोळ थाप. तिच्या शेजारीं "व्हाइट लाय". यजमानिणीची आमटी खारट झाली असतांहि पाहुणा "छान झाली आहे" म्हणतो, ती ही. दुसऱ्याचें मन राखण्यासाठीं बोललेली आणि कोणाचें नुकसान न करणारी. "टॉल स्टोरी" म्हणजे ऐकणाऱ्यालाहि सहसा खरी न वाटणारी, करमणुकीची लोणकढी थाप. "स्ट्रेच द ट्रुथ" म्हणजे मूळ गोष्ट खरी, पण रबरासारखी ताणलेली. मराठींत येथें राईचा पर्वत होतो. "पॅक ऑफ लाइज" म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सारी बनवाबनवी. आणि "बेअरफेस्ड लाय" म्हणजे चेहऱ्यावर कसलाहि पडदा न घेतां बोललेलें धडधडीत असत्य. मराठीचें भांडारहि येथें कमी समृद्ध नाहीं. थाप, बात, पुडी, भूलथाप, धादांत खोटें असे शब्द घराघरांत चालतात. उणीव शब्दांची नसून शिकवण्याची आहे. इंग्रजी शिकणाऱ्याला "ट्रू" आणि "फॉल्स" हे दोन शब्द पहिल्या पुस्तकांतच मिळतात. त्यांच्यामधल्या पायऱ्या मात्र त्याला बहुधा ठेंच लागल्यावरच कळतात.

सत्य पारखण्याच्या वाक्प्रचारांत दोन्ही भाषांचा बाजार एकच आहे, असें दिसतें. धातूचें नाणें दगडावर किंवा फळीवर आपटून त्याच्या आवाजावरून पारखीत. त्यावरून इंग्रजींत एखादें बोलणें "रिंग्ज ट्रू", म्हणजे कानाला खरें वाटतें. मराठी माणूसहि "खणखणीत नाणें" म्हणतो आणि व्यवहारांत माणूस वाजवून घेतो. सोनें तेजाबानें पारखण्याच्या रीतीवरून इंग्रजांनीं "ॲसिड टेस्ट" हा शब्द घेतला. मराठींत सोनें कसोटीच्या दगडावर घांसलें जातें, म्हणून माणूस "कसोटीला उतरतो". एखादी गोष्ट ऐकावी, पण सर्वस्वीं मानूं नये, अशा वेळीं इंग्रज ती "विथ अ पिंच ऑफ सॉल्ट", म्हणजे चिमूटभर मिठाबरोबर, घेतो. याचें मूळ रोमन ग्रंथकार प्लिनी यानें दिलेल्या विषावरील एका उताऱ्याच्या कृतींत सांगतात. त्या कृतीच्या शेवटीं मिठाचा एक कण घालावयाचा होता. मराठींत मात्र मीठ तिखटाबरोबर येतें आणि गोष्ट सांगणाराच तें घालतो! एका भाषेंत मीठ शंकेचें, दुसरींत अतिशयोक्तीचें.

येथवरचा प्रश्न शिष्टाचाराचा झाला. न्यायालयांत तोच प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा आणि अब्रूचा होतो. इंग्रजी न्यायपद्धतींतील साक्षीदाराची शपथ सर्वांच्या परिचयाची आहे. "द ट्रुथ, द होल ट्रुथ अँड नथिंग बट द ट्रुथ" हे तिचे शब्द भारतांतील १९६९ च्या शपथ अधिनियमानेंहि आपल्या नमुन्यांत ठेवले आहेत. वरवर पाहतां ही एकाच गोष्टीची तिहेरी पुनरुक्ति वाटते. परंतु तीन शब्दसमूह तीन निरनिराळ्या वाटा बंद करतात. पहिला म्हणतो, सांगशील तें खरें सांग. दुसरा म्हणतो, त्यांतलें कांहीं लपवूं नकोस. तिसरा म्हणतो, त्यांत पदरचें कांहीं घालूं नकोस. लोकांच्या तोंडीं असलेल्या "खरें सांगेन, खोटें सांगणार नाहीं" या मराठी शपथेंत पहिली व तिसरी वाट बंद होते. मधली, लपविण्याची वाट मात्र शब्दांत येत नाहीं. ती वाट किती धोक्याची आहे, हें महाभारत ऐकलेल्यांना निराळें सांगावयास नको. अश्वत्थामा मेला हें धर्मराजानें मोठ्यानें सांगितलें. मेला तो हत्ती, हें मात्र द्रोणाचार्यांच्या कानीं पडूं दिलें नाहीं. "नरो वा कुंजरो वा" हे शब्द तेव्हांपासून अर्धसत्याची खूण होऊन बसले, आणि जमिनीला न लागणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणीं खालीं टेकला. इंग्रजींत ज्याला "हाफ ट्रुथ" म्हणतात, त्याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

साक्षीच्या कायद्यांतहि विधान आणि माणूस यांचा भेद कसोशीनें पाळलेला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेनें खोट्या साक्षीची जी व्याख्या केली, आणि जी १ जुलै २०२४ रोजीं तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि कायम आहे, तिच्याप्रमाणें विधान नुसतें चुकीचें असून भागत नाहीं. तें खोटें आहे हें साक्षीदाराला माहीत असलें पाहिजे, किंवा तें खोटें आहे असें तो मानीत असला पाहिजे, किंवा निदान तें खरें आहे असें तो मानीत नसला पाहिजे. अंधारांत माणूस ओळखण्यांत ज्याची प्रामाणिकपणें चूक झाली, तो साक्षीदार चुकला. तो खोटें बोलला नाहीं. महाराष्ट्रांतील एखाद्या न्यायालयांत उलटतपासणीच्या वेळीं खेड्यांतील साक्षीदार "हे म्हणणे खोटे आहे" असें सांगतो, तेव्हां त्याला बहुधा एवढेंच म्हणावयाचें असतें कीं, विचारलेली गोष्ट खरी नाहीं. "इट इज नॉट ट्रू" हें त्याचें योग्य इंग्रजी. त्या जागीं "इट इज अ लाय" असें लिहिलें गेलें, तर साध्या नकाराचें रूपांतर दुसऱ्याच्या लबाडीवरील आरोपांत होईल, आणि वरच्या न्यायालयांत तो कागद वाचणाऱ्याला मूळ साक्षीदाराचा आवाज ऐकावयास मिळणार नाहीं.

न्यायालयाप्रमाणें ब्रिटिश पार्लमेंटांतहि या शब्दावर कडक पहारा आहे. एका सभासदानें दुसऱ्याला "लायर" म्हणणें तेथें नियमबाह्य असून म्हणणाऱ्याला शब्द परत घ्यावा लागतो. २२ जुलै २०२१ रोजीं डॉन बटलर या मजूर पक्षाच्या सभासद बाईंनीं, पंतप्रधान बोरिस जॉन्सन सभागृहाशीं खोटें बोलले, असें म्हटलें आणि तो शब्द मागें घेण्यास नकार दिला. तेव्हां त्यांना त्या दिवसापुरतें सभागृहाबाहेर जावें लागलें. आरोप खरा कीं खोटा, याचा निकाल या नियमानें होत नाहीं. दोष शब्दाचा धरला जातो. साहजिकच शब्द चुकवून आशय पोंचविण्याची कला या सभागृहांत चांगलीच वाढली. २२ फेब्रुवारी १९०६ रोजीं विन्स्टन चर्चिल यांनीं ट्रान्सवालच्या खाणींतील चिनी मजुरांविषयीं बोलतांना "टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड" असे दोन लांबलचक शब्द वापरले. त्या मजुरांच्या स्थितीला पूर्ण अर्थानें गुलामगिरी म्हटलें तर शब्दाच्या अचूकपणाला बाध येईल, एवढाच त्यांचा आशय होता. परंतु ऐकणाऱ्यांना ते शब्द इतके आवडले कीं, पुढें "खोटें बोलणें" याचेंच तें एक विनोदी, लांब शेपटाचें नांव होऊन बसलें.

या आडवळणाचा कळस १९८६ सालीं झाला. पीटर राइट या निवृत्त ब्रिटिश गुप्तहेराच्या "स्पायकॅचर" या पुस्तकाचें प्रकाशन थांबविण्यासाठीं ब्रिटिश सरकारनें ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें दावा लावला होता. सरकारच्या वतीनें कॅबिनेट सेक्रेटरी सर रॉबर्ट आर्मस्ट्राँग साक्ष देत होते, आणि त्यांची उलटतपासणी घेणारे वकील माल्कम टर्नबुल हे पुढें २०१५ मध्यें ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. एका पत्रांत असत्य आहे काय, असें विचारतां आर्मस्ट्राँग यांनीं, त्यांत दिशाभूल होईल असें आहे, पण तें "लाय" नव्हे, असा भेद केला. आणि तो समजावून सांगतांना "इकॉनॉमिकल विथ द ट्रुथ", म्हणजे सत्याच्या बाबतींत काटकसर, असे शब्द वापरले. कल्पना त्यांची नवी नव्हती; अठराव्या शतकाच्या अखेरीस एडमंड बर्क यानेंहि सत्याच्या काटकसरीचा उल्लेख केला होता. परंतु सिडनीच्या न्यायालयांतून तो वाक्प्रचार जगभर पसरला आणि आज तो उपरोधानेंच वापरला जातो. काटकसर हा गृहस्थाश्रमांत गुण आहे. साक्षीच्या पिंजऱ्यांत ती शपथेच्या दुसऱ्या अटीचा भंग करते, हें लोकांनीं बरोबर ओळखलें.

येथें या साऱ्या सौजन्याची दुसरी बाजू दिसते. माणसाला न दुखवतां विधान खोडून काढणें हा सुसंस्कृतपणा होय. परंतु जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीला मऊ शब्दांचें पांघरूण घालणें हें सत्याचें नुकसान होय. अलीकडच्या इंग्रजीला याची जाणीव झालेली दिसते. चुकून पसरलेल्या खोट्या माहितीला "मिसइन्फर्मेशन" आणि मुद्दाम पसरविलेलीला "डिसइन्फर्मेशन" म्हणण्याचा प्रघात आतां रूढ झाला आहे. विधान आणि हेतु यांचा जुनाच भेद नव्या वेषांत परत आला आहे. २०१६ सालीं ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं वर्षाचा शब्द म्हणून "पोस्ट-ट्रुथ" निवडला. वस्तुस्थितीपेक्षां भावनेला व स्वतःच्या समजुतीला लोक अधिक मान देऊं लागले, हें त्यानें दाखविलें. २०२२ सालीं अमेरिकेंतील मेरियम-वेब्स्टर कोशानें "गॅसलाइटिंग" हा शब्द निवडला. तो पॅट्रिक हॅमिल्टन याच्या १९३८ च्या "गॅस लाइट" या नाटकावरून आला. त्यांतील नवरा वरच्या मजल्यावर गुपचूप दिवा लावतो, त्यामुळें खालचे गॅसचे दिवे मंद होतात. आणि बायकोनें तें पाहिलें, तर तो तुझाच भास आहे असें तिला पटवितो. दुसऱ्याला खोटें सांगणें ही एक पायरी झाली. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच काढून घेणें ही तिच्याहि पलीकडची. अशा कृत्याला नेमकें नांव मिळालें, हा भाषेनें दुबळ्यांवर केलेला एक उपकारच होय.

म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या मराठी माणसानें तोंडांतून "लाय" हा शब्द काढण्यापूर्वीं स्वतःला दोन प्रश्न विचारावे. समोरच्याचें म्हणणें चुकीचें आहे, हें मला माहीत आहे काय? आणि तें चुकीचें आहे हें त्यालाहि माहीत आहे, हें मला माहीत आहे काय? पहिल्याचें उत्तर "होय" आणि दुसऱ्याचें "नाहीं" असेल, तर "आय थिंक यू आर मिस्टेकन" एवढें पुरेसें आहे. आणि बहुतेक प्रसंग याच जातीचे असतात. दोन्हींचीं उत्तरें "होय" असतील व पुरावा हातीं असेल, तर मात्र काटकसरीचे शब्द शोधण्याचें कारण नाहीं. त्या एका प्रसंगासाठींच भाषेनें "लाय" हा शब्द इतका जपून ठेवला आहे. ही तारतम्याची संवय एकदां जडली, म्हणजे तिचा उपयोग इंग्रजीपुरताच राहत नाहीं. मराठींतहि "खोटें" म्हणतांना बोलणारा क्षणभर थांबतो, आणि आपण गोष्टीला खोटें म्हणत आहों कीं माणसाला, याचा विचार करतो.